मशीनवरचं शिक्षण

मी आयटीआयला नाव घातलं तेव्हा बाबा बोटीवर होते. पालीपासून आत असलेल्या आमच्या गावातून समुद्र दिसत नाही. तो बघायचा तर एसटीत बसून रत्नागिरी गाठावी लागते. तरीही बाबांचं निम्मं आयुष्य समुद्रावरच गेलं. मालवाहू जहाजावर ते खलाशी होते. आठ-नऊ महिने तिकडे आणि मग तीन-चार महिने घरी. घरी आले की पहिला आठवडा ते आम्हां सगळ्यांना डेकवरच्या पोरांसारखं हाकायचे. दुसऱ्या आठवड्यापासून आई त्यांना हाकायची.

बारावीनंतर पुढे काय, या प्रश्नाने मला फारसं छळलं नाही. आईची पायमशीन आमच्या पडवीत होती आणि मी शाळेत असल्यापासून तिच्यावर बसत होतो. आधी दप्तराचा पट्टा शिवला, मग उशांचे अभ्रे, मग आईने कापून दिलेले परकर. कापडाचा सपाट तुकडा घ्यायचा, चार टिपा मारायच्या आणि त्यात माणूस मावतो, याचं मला नवल वाटायचं. अजूनही वाटतं. म्हणून आयटीआयचा अर्ज भरताना मी पहिल्या पसंतीला शिवणाचा ट्रेड टाकला. अर्ज भरून देणाऱ्या सायबर कॅफेवाल्याने माझ्याकडे वळून विचारलं, "नक्की ना? चुकून क्लिक झालं नाही ना?" मी नक्की म्हणालो. त्याने स्वतःच्या समाधानासाठी पुन्हा एकदा विचारलं.

प्रवेश मिळाला त्याच आठवड्यात बाबांचा फोन आला. जहाज कुठल्याशा बंदरात लागलं होतं. आई भाकऱ्या थापत होती, फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये चिमटून.

"कुठला ट्रेड मिळाला त्याला?" बाबांनी विचारलं.

"मशीनवरचं आहे," आई म्हणाली आणि भाकरी उलटली.

आई खोटं बोलली नव्हती. शिवणयंत्राला आमच्या घरात कोणी शिवणयंत्र म्हणत नाही, मशीनच म्हणतात. पण बाबांच्या जहाजावर मशीन म्हणजे इंजिनरूममधलं, माणसाला गिळून टाकील एवढं. त्यांनी मनाशी जोडलं, की पोरगा मशिनिस्ट होतोय. लेथवर लोखंड कातणार, पुढेमागे बोटीवर फिटर म्हणून लागणार, आपल्याहून चांगल्या केबिनमध्ये झोपणार. त्यांनी आधी सगळ्या जहाजाला सांगितलं आणि मग गावी मोठ्या काकांना फोन करून सांगितलं. मोठे काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. त्यांना एखादी गोष्ट सांगितली की वाडीत वेगळी दवंडी पिटायला लागत नाही.

मी आठवडाभर रत्नागिरीला खोली घेऊन राहायचो आणि शनिवारी घरी यायचो. गावात आलो की जो तो पाठीवर थाप मारून म्हणायचा, "काय मशिनिस्ट!" मी आईकडे बघायचो. आई कोणाचं बोलणं खोडून काढत नाही. तिचं म्हणणं, "कळायचं तेव्हा कळतं माणसाला. आपण कशाला वाईट व्हायचं?"

वर्गात मी एकटाच मुलगा. बाकी सगळ्या मुली, आणि शिकवायला एक मॅडम. मॅडम उंचीने कमी. पण आवाज असा, की एसटीच्या कंडक्टरने त्यांच्याकडे शिकवणी लावावी. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "एकटा आहेस म्हणून लाजू नकोस. कापडाला काही कळत नाही, शिवणारा बाप्या आहे की बाई." मुलींना मात्र चांगलं कळत होतं. पुरुषांचा शर्ट शिकायची वेळ आली तेव्हा अख्ख्या वर्गाला माप घ्यायला मी एकटाच पुरुष हाताशी होतो. त्या महिन्यात मी शिवायला कमी बसलो आणि हात पसरून जास्त उभा राहिलो. कोणाच्या शर्टात माझी मान अडकली, कोणाच्या शर्टात मी दोनदा मावलो असतो. एकीने तर दोन्ही बाह्या उजव्याच शिवल्या होत्या. ती म्हणाली, "हात जरा वळवून बघ ना."

अशात बाबा घरी आले.

कळवलेल्या दिवसाच्या आदल्याच दिवशी आले, आम्हांला चकित करायला. मी पडवीत मशीनवर बसलो होतो. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या आणि पुढ्यात गुलाबी रंगाचा ब्लाऊज. परीक्षेसाठी तसाच शिवायचा होता, त्याचा सराव. बाबा अंगणातून आले. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात एक जड लोखंडी पेटी. ती पेटी माझ्यासाठी होती. आत पान्यांचा पूर्ण संच आणि लोखंडाची जाडी मोजायचं, मखमलीच्या घरात बसवलेलं कॅलिपर. परदेशातून हौसेने आणलेलं.

बाबा पायरीवर थांबले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग ब्लाऊजकडे.

"हे काय चाललंय?"

मी टाचण्या तोंडातून काढल्या. "होमवर्क."

"कोणाचा?"

"माझा."

बाबांनी पेटी खाली ठेवली. आई आतून हात पुसत आली. तिला पाहिल्यावर त्यांनी मशीनकडे बोट दाखवलं. "हा कुठला ट्रेड?"

"अहो, मी सांगितलं होतं ना तुम्हांला. मशीनवरचा."

"ही मशीन?"

"मग आपल्या घरात दुसरी कुठली मशीन आहे?"

बाबा पायरीवरच बसले आणि बूट काढू लागले. चहा झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. ओरडले नाहीत. बोटीवरच्या माणसाला वादळ कळतं. त्यात ओरडून उपयोग नसतो, हेही कळतं. ते एवढंच म्हणाले, "हे बघ. शिकतोयस ते शीक. पण मी सगळीकडे मशिनिस्ट सांगून बसलोय. मी पुन्हा बोटीवर चढेपर्यंत गप्प राहा. मी समुद्रात गेलो की मग इथे काय दंगा व्हायचा तो होऊ दे."

मला ते रास्त वाटलं. तीन महिन्यांचा तर प्रश्न होता. पण बाबांना पुढच्या बोटीचा निरोप काही येईना. आज येईल, उद्या येईल, करता करता त्यांचा मुक्काम लांबला. तोवर वाडीने माझ्याकडून मशिनिस्टाची कामं घ्यायला सुरुवात केली.

पहिला आला मोठ्या काकांच्या विहिरीवरचा पंप. काका बाबांना म्हणाले, "घरात मशिनिस्ट असताना बाहेरचा कशाला बोलवू?" बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला नाही म्हणवेना. आमच्या आयटीआयमध्ये पालीचा एक मुलगा होता, खराखुरा मशिनिस्ट ट्रेडचा, माझ्या आधी वर्षभर आलेला. शनिवारी आम्ही एकाच एसटीने पालीला यायचो. त्याला सगळं सांगितलं. तो इतका हसला, की त्याला आमची पालीची एसटी सुटताना दिसली नाही. मग म्हणाला, "येतो मी. पण मला तुझ्या आईच्या हातची कुळथाची पिठी पाहिजे."

रविवारी आम्ही दोघे विहिरीवर गेलो. तो पंपाच्या आत डोकं घालून बसला आणि मी बॅटरी धरली. काका काठावर उभे. मित्राने हात पुढे केला की मी त्याच्या हातावर बाबांच्या पेटीतला कुठलातरी पाना ठेवायचो. तो बघायचा, परत द्यायचा आणि हवा तो स्वतः घ्यायचा.

काका कौतुकाने म्हणाले, "हेल्पर चांगला हाय रं तुजा. सगला त्यालाच करू देतोस. शिकल बिचारा."

मित्र पंपातूनच म्हणाला, "हो काका. हे आमचे गुरुजीच आहेत."

पंप सुरू झाला. मग आतेचा मिक्सर, मग एकाचं गवत कापायचं मशीन. आते म्हणजे बाबांची धाकटी बहीण, गावातच दिलेली. दर रविवारी मी आणि माझा 'हेल्पर' वाडीत फिरू लागलो. काम तो करायचा आणि चहा आधी मला मिळायचा. कोणी काही बारीक विचारलं, की मी गंभीर चेहरा करून मित्राला म्हणायचो, "सांग बघू, काय उत्तर आहे?" तो सांगायचा. मी मान डोलवायचो. वाडीत माझी ख्याती पसरली, की पोरगा शिकवतो फार छान.

निकाल लागला तेव्हा मी खोलीवर होतो. मॅडमनी घरी फोन केला आणि नेमका तो आतेने उचलला. "तुमचा मुलगा आमच्या संस्थेत त्याच्या ट्रेडमध्ये पहिला आला," मॅडम म्हणाल्या. आतेने ट्रेड विचारला नाही. फोन तसाच मांडणीवर ठेवला आणि ओरडत अंगणात गेली. मॅडम पलीकडून हॅलो हॅलो करत राहिल्या. संध्याकाळपर्यंत काकांनी ठरवूनसुद्धा टाकलं, की पदवीच्या कार्यक्रमाला सगळ्यांनी जायचं, वडापची जीप सांगायची.

आता आयटीआयलाही दीक्षांत समारंभ असतो. स्टेज, पाहुणे, काळे झगे, चौकोनी टोप्या, सगळं कॉलेजसारखं. प्रत्येक ट्रेडचं नाव पुकारतात आणि पहिल्या आलेल्याला वर बोलावतात. हे कळल्यावर बाबांची झोप उडाली. एक दिवस ते मला घेऊन आयटीआयत आले आणि थेट आमच्या वर्गात शिरले.

"मॅडम, एक विनंती होती," बाबा म्हणाले. "त्या दिवशी स्टेजवरून ट्रेडचं नाव घेतलंच पाहिजे का?"

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे?"

"म्हणजे, नुसतं 'मशीनवरचा ट्रेड' असं म्हटलं तर?"

मॅडम बाबांच्या शर्टाकडे बघत होत्या. वरून दुसरं बटण तुटून दोऱ्यावर लोंबत होतं. "आधी ते बटण," त्या म्हणाल्या. "इथे शिवणाच्या वर्गात असं चालत नाही. ए, सुई घे. लाव तुझ्या वडिलांचं बटण."

मी सुई घेतली. बाबा शर्ट काढायला लागले, तर समोर नव्या बॅचच्या वीस मुली बसलेल्या. त्यांनी हात आवरला. मॅडम म्हणाल्या, "राहू दे अंगावरच. पण अंगावर शिवताना तोंडात दोरा धरावा लागतो. नाहीतर बरं नसतं. हं, धरा." आणि त्यांनी बाबांच्या दातांत एक दोरा दिला.

बाबा देवभोळे. त्यांनी दोरा घट्ट धरला. आता त्यांना बोलता येईना, आणि छातीशी माझी सुई असल्याने हलताही येईना. मॅडमनी ती संधी सोडली नाही.

"मला सांगा, तुमचा मुलगा चोरी करतो का? नाही ना? मग लपवायचं काय? तुम्ही आत्ता अंगावर घातलंय ते कोणी शिवलं? आभाळातून पडलं? तुमच्या बोटीवर सगळे काय पानं लावून फिरतात?"

"म्म," बाबा म्हणाले.

"बोलू नका, दोरा पडेल. मी शिकवायला लागल्यापासून इतके मुलगे आले, अर्ध्यावर पळाले. लोक हसतात म्हणून. हा टिकला. आणि नुसता टिकला नाही, पहिला आला. मी त्याच्या ट्रेडचं नाव घेणार, स्पष्ट घेणार, आणि माइक बंद पडला तर माइकशिवाय घेणार."

मुलींपैकी दोघीचौघींनी मशीनच्या आड तोंड लपवलं होतं. मी मुद्दाम सावकाश शिवत होतो. मॅडमचं संपल्यावर दोरा तोडला. बाबांनी तोंडातला दोरा काढला, बटणावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "घट्ट लावलंय." मग नमस्कार करून बाहेर पडले. परत येताना एसटीत ते सारखे ते बटण चाचपत होते. मला वाटलं, पटलं. पटलं नव्हतं. ते नवीन डाव रचत होते.

समारंभाच्या दिवशी मी आधीच पुढे गेलो. मागून जीपमधून आई, बाबा, मोठे काका, काकू, आते आणि शेजारचे एक निवृत्त गुरुजी निघाले. पुढची हकिगत मला आईने सांगितली. बाबांचा डाव साधा होता: उशीर करायचा. शिवणाचा ट्रेड होऊन गेल्यावर पोचायचं. त्यासाठी त्यांनी पालीला जीप थांबवली आणि सगळ्यांना वडापाव खायला घातले. मग चहा. मग गुरुजींना म्हणाले, "गुरुजी, अजून एकेक होऊ द्या." गुरुजींनी आयुष्यात बाबांना इतकं उदार कधी पाहिलं नव्हतं, ते चार वडे खाऊन बसले. पुढे बाबांना आंब्याच्या बागेचं कुंपण बघायचं होतं, पुढे टायरमधली हवा. आई म्हणाली, "मी गप्प बसले. मला माहीत होतं, पाहुणे कधीच वेळेवर येत नाहीत."

तसंच झालं. हे लोक हॉलमध्ये शिरले तेव्हा प्रमुख पाहुणे नुकतेच येऊन हार घालून घेत होते. सगळा कार्यक्रम अजून व्हायचा होता. आम्ही मुलं झगे घालून पुढच्या रांगांत बसलो होतो. मागून काकांचा आवाज ऐकू आला, "ह्यांना शिमग्यातल्या संकासुराचा झगा कशाला घातलान?"

भाषणं झाली. मग ट्रेड पुकारायला सुरुवात झाली. इलेक्ट्रिशियन झाला, फिटर झाला, वेल्डर झाला. आणि मग सूत्रसंचालकाने पुकारलं, "मशिनिस्ट!"

मागे आमची रांग सावरून बसली. आतेने टाळ्या वाजवायला सुरुवातही केली. नाव पुकारलं गेलं ते माझ्या मित्राचं. तोच त्याच्या ट्रेडमध्ये पहिला होता. तो झगा सावरत स्टेजकडे निघाला. आणि काका उभे राहिले.

"ओ! थांबा! तो न्हवं!"

सगळा हॉल वळला. एक स्वयंसेवक धावत आला. "काका, बसून घ्या."

"बसतोय कसला! आमच्या पोरावर अन्याय होतोय! पयला आमचा पोरगा आलाय, मॅडमचा फोन आलावता. आणि ह्याला कुठला बक्षीस देता? हा तर आमच्या पोराचा हेल्पर हाय!"

मित्र स्टेजच्या पायरीवर एक पाय ठेवून थांबला. त्याला काय करावं कळेना, म्हणून त्याने लांबूनच काकांना नमस्कार केला. त्यामुळे काकांना आणखीच चेव आला. "बगा! वलखतो मना! ह्याच्या देखत माज्या पोराने पंप नीट केलान!" गुरुजीही उभे राहून म्हणाले, "चौकशी झाली पाहिजे." प्रमुख पाहुणे प्रमाणपत्र हातात धरून प्राचार्यांकडे बघू लागले. प्राचार्य मॅडमकडे बघू लागले. मला खुर्चीखाली जावंसं वाटत होतं. पण त्या झग्यात मला धड वाकतासुद्धा येत नव्हतं.

बाबांनी काकांचा हात ओढला. काका बसेनात. पुन्हा ओढला. शेवटी बाबाच उठले आणि वादळात एका टोकापासून दुसऱ्या टोकाला ऐकू जावं तशा आवाजात म्हणाले,

"दादा, खाली बस! आपला पोरगा मशिनिस्ट नाय! तो शिवणाचा आहे! ब्लाऊज शिवतो!"

बाबा तसेच उभे होते. आता एवढं बोललोच आहोत तर, असं वाटलं असावं, ते हॉलभर नजर फिरवून पुढे म्हणाले, "आणि पहिला आलाय! शर्टपण शिवतो! हे बटण त्यानेच लावलंय!" आणि त्यांनी छातीवरचं बटण धरून दाखवलं.

आधी हशा कोणाचा सुरू झाला ते मला सांगता येणार नाही. बहुतेक आमच्या वर्गातल्या मुलींचा. पण हसता हसताच त्यांनी टाळ्या सुरू केल्या आणि मग सगळ्या हॉलने उचलल्या. मित्र एकदाचा वर चढला, त्याला त्याचं प्रमाणपत्र मिळालं. मॅडमनी सूत्रसंचालकाच्या हातातून माइक घेतला आणि क्रम मोडून आमचा ट्रेड तिथेच पुकारला. स्पष्ट, एकेक अक्षर सुटं करून. मी गेलो. प्रमुख पाहुण्यांनी प्रमाणपत्र देताना हळूच विचारलं, "सफारी शिवता का?" मी अजून नाही म्हणालो. "शिका," ते म्हणाले.

मी खाली उतरून मागे गेलो तेव्हा मला वाटलं होतं, आता आमच्या लोकांत सुतकी चेहरे असतील. काका तसे बसले होते खरे. पण आते माझी वाट बघत होती. तिने माझा दंड धरला.

"तुला ब्लाऊज शिवता येतो?"

"हो आते."

"अस्तराचा?"

"हो."

"मेल्या, मग मी पालीला कशाला जात्ये? तो तिथला शिंपी दर वेळी माझा मुंढा आवळून ठेवतो, हात वर करून मला भांडं काढता येत नाही. आणि तू घरात बसून माझा मिक्सर दुरुस्त करतोस!"

काकू म्हणाली, "माझे दोन आहेत गं. मापाचा ब्लाऊज उद्या सकाळीच देते." परत येताना मीही जीपमध्ये होतो. पालीपर्यंत आते आणि काकूचं, कोणाचे आधी, यावर भांडण चाललं होतं. गुरुजींनीसुद्धा घसा खाकरून सांगितलं, की त्यांचा एक लेंगा आहे.

काका खिडकीतून बाहेर बघत होते. घाट उतरल्यावर त्यांनी मान वळवली. "मंग माजा पंप कोनी नीट केलान?"

"माझ्या मित्राने. ज्याला तुम्ही हेल्पर म्हणालात त्याने."

"म्हंजे मी त्या पोराला भर सभेत..."

"हो."

"त्याच्याकडं जाया पायजे," काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते खरंच पालीला त्याच्या घरी गेले. जाताना फणस घेऊन गेले आणि परत येताना त्याला सोबत घेऊनच आले, कारण पंप पुन्हा बंद पडला होता.

पुढच्या महिन्यात वाडीच्या मंडळाने देवळाच्या सभामंडपात सत्कार ठेवला. दरवर्षी दहावी-बारावीवाल्यांचा असतो. या वेळी काकांनी हट्ट धरला, की आयटीआयवाल्यांचाही झाला पाहिजे, आणि गावचा नसला तरी त्या पालीच्या पोराचा आधी. आम्हां दोघांना शाल-श्रीफळ मिळालं. मित्राला तोवर रत्नागिरीत एका वर्कशॉपमध्ये नोकरी लागली होती. त्याच्या हातावर काकांनी नारळ ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माजी चूक झाली. हेल्पर आमचा होता. बॅटरी चांगली धरतो."

मग बाबांना बोलायला सांगितलं. बाबा सभेत कधी बोलले नव्हते. पण हॉलमधल्या त्या दिवसानंतर त्यांना चटक लागली असावी. ते माइकपाशी गेले आणि म्हणाले, "मंडळी, आज माझ्या मुलाचं कौतुक होतंय, पण यात नवल नाही. शिवण आमच्या घराण्यातच आहे."

आईने पदर तोंडाला लावला.

"मी स्वतः बोटीवर ताडपत्र्या शिवतो. हातभर सुई असते. हे कोणाला माहीत नाही, कारण मी कधी बढाई मारली नाही. आणि आमचा आजा तर गलबतांची शिडं शिवायचा. लांबलांबून लोक यायचे त्याच्याकडे."

टाळ्या पडल्या. बाबा खाली येऊन बसले तेव्हा काका त्यांच्याकडे टक लावून बघत होते. त्यांचाही तोच आजा.

"आपला आजा?" काका हळूच म्हणाले. "शिडं? अरे, तो तर होडीत बसायला भ्यायचा."

"म्हणून तर काठावर बसून शिवायचा," बाबा म्हणाले.

आज्याचं खरंखोटं मला आजतागायत कळलेलं नाही. ताडपत्रीचं मात्र खरं निघालं. सत्काराच्या दुसऱ्या दिवशी बाबा माझ्याशेजारी पडवीत येऊन बसले, एक फाटकी ताडपत्री ओढून घेतली आणि जाड टाका कसा घालायचा तो मला दाखवला. तळहाताला कातड्याचा पट्टा बांधून सुई रेटायची, दोरा मेणावरून ओढायचा. टाके सगळे सारखे, एकाला एक लागून. मी विचारलं, "हे तुम्ही मला आधी का नाही दाखवलं?" ते म्हणाले, "मला काय ठाऊक, याला पण शिवण म्हणतात."

काही दिवसांनी त्यांना बोटीचा निरोप आला. जाताना ते माझ्याकडून दोन शर्ट आणि कामावर घालायचा, शर्ट-पँट एकत्र असलेला एक बॉयलरसूट शिवून घेऊन गेले. बॉयलरसूट मी पहिल्यांदाच शिवत होतो. कंबरेत सैल झाला, पण ते म्हणाले, बोटीवरचं जेवण चांगलं आहे, भरून निघेल.

दोन वर्षं मी एका टेलरच्या हाताखाली काढली आणि मग रत्नागिरीत बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं दुकान टाकलं. एक खोली, दोन मशीन. माझ्या वर्गातली एक मुलगी माझ्याबरोबर कामाला आली. दोन्ही बाह्या उजव्या शिवणारी तीच. आता तिच्या हाताला माझ्याहून जास्त मागणी आहे.

उद्घाटनाला मॅडमना बोलावलं होतं. बाबा बोटीवर होते, पण आई, आते, काका, काकू सगळी होती, आणि मित्र वर्कशॉपमधून अर्धी सुट्टी काढून आला होता. मॅडमनी फीत कापली आणि आत आल्या. सगळ्यांनी पेढे हातात घेतले. दुकान आणि मागची जागा यांच्यामध्ये मी एक पडदा लावला होता, निळ्या कापडाचा, आदल्या दिवशी घाईत शिवलेला. मॅडम त्याच्यापाशी थांबल्या. खालची दुमड उलटी करून पाहिली, चष्मा वर सरकवला.

"ही टीप कोणी मारली?"

"मीच मॅडम. जरा घाई होती."

"उसव."

"आत्ता?"

"मग काय गिऱ्हाईक आल्यावर?"

काका म्हणाले, "मॅडम, आधी पेढा तरी घ्या." मॅडम म्हणाल्या, "आधी टीप." मी पडदा उतरवला, नव्या मशीनपुढच्या नव्या स्टुलावर बसलो आणि दुमड उसवायला लागलो. मॅडम माझ्या डोक्याशी उभ्या राहिल्या. बाकीचे भिंतीला टेकून पेढे खात बघत होते. आतेने पिशवीतून हळूच कापड काढून टेबलावर ठेवलं. मी नवी टीप मारली, पडदा पुन्हा टांगला. मॅडमनी बोट फिरवून पाहिलं, मान हलवली आणि मग पेढा घेतला.